सिंगापूर : तिकीट न काढता बघायच्या बागा. आई-बाबांना कुठे आणि कसं न्यावं?

मृद्गंध

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे सिंगापूरला येतायत. बाबा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. वाटेत नवं झाड दिसलं की थांबतात, खोडावरून हात फिरवतात, पान चुरगळून वास घेतात आणि मगच पुढे सरकतात. आईचे गुडघे दुखतात, पण सावली आणि टेकायला बाक मिळाला तर ती दोन तास मजेत बसते. मॉल, केबल कार, थीम पार्क यांत दोघांनाही रस नाही. तिकिटाचा आकडा ऐकला की बाबा लगेच रुपयांत गुणाकार करतात आणि "मी बाहेर बसतो, तुम्ही बघून या" म्हणतात.

म्हणून यंदा ठरवलंय की फुकटच्या बागाच मन लावून दाखवायच्या. यूट्यूबवर सगळे "तीन तासांत संपूर्ण बोटॅनिक गार्डन" छापाचं सांगतात. मला ते पटत नाही. तिकीट नसल्याचा खरा फायदा हाच की एका दिवसात सगळं उरकायची सक्ती नाही. सकाळी तासभर जावं, एक कोपरा बघावा, घरी येऊन जेवावं, परवा पुन्हा जावं.

बोटॅनिक गार्डन्समध्ये कुठल्या दारानं शिरलं तर चालणं कमी पडेल? त्याखेरीज आणखी कुठल्या मोफत बागा बाबांसारख्या माणसाला दाखवण्याजोग्या आहेत? ऑर्किड गार्डनला तिकीट आहे, ते काढावं का? आणि डिसेंबरच्या पावसाचं काय?

बुकितकर

छान धागा. मी बरीच वर्षं बुकित तिमाच्या बाजूला राहतो, सकाळचं चालणं याच बागेत असतं.

बाग रोज पहाटे पाच ते रात्री बारा उघडी असते, तिकीट नाही. ८२ हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांच्या वर. उत्तर-दक्षिण लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाला निघायचा हट्ट आईंबरोबर धरू नका. तिचे तीन तुकडे करा.

टँगलिन गेटची बाजू ही सगळ्यात जुनी. १८५९ साली बागेची सुरुवात इथूनच झाली. मेट्रोच्या थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनचं नेपियर स्टेशन जवळ पडतं. स्वान लेक, बँडस्टँड आणि तो प्रसिद्ध टेम्बुसू सगळं याच अंगाला. पाच डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला जे झाड छापलंय, ते हेच. नोट बाबांच्या हातात द्या आणि झाडासमोर उभं करा, खालची आडवी फांदी बरोब्बर जुळते.

नासिम गेटकडून मधला भाग : अभ्यागत केंद्र, सिम्फनी लेक, आल्याची बाग, ऑर्किड गार्डन. टॅक्सीनं येणार असाल तर आईंसाठी हे दार सगळ्यात सोयीचं, उतरलं की बागेतच.

बुकित तिमा गेटला बोटॅनिक गार्डन्स स्टेशन अगदी दाराला लागून आहे. इकडे गर्दी कमी.

तुमचा "परवा पुन्हा" हा बेत मला शंभर टक्के पटला. आमचे पाहुणे सगळ्या बागेतून धावत सुटतात आणि घरी आल्यावर त्यांना फक्त हंस आठवतात.

गडगडाट

डिसेंबर म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस. रोज पडेल असं नाही, पण पडला की कोसळतो. विजाही फार. सकाळी सात ते दहा धरा, दुपार टाळा. ढग काळवंडले की मोठ्या झाडाखाली उभं राहायचं नाही, छपराच्या निवाऱ्यात जायचं. बागेत निवारे पुष्कळ आहेत.

चहाबाज

आत चहा मिळतो का?

सुगरण_ठाणे

@चहाबाज, थर्मासमध्ये भरून न्यावा, घरच्यासारखा कुठेच मिळत नाही.

मृद्गंध, डबा न्यायला परवानगी आहे. सिम्फनी लेकसमोरच्या हिरवळीवर लोक चटया टाकून खातात, कधी कधी तिथे संगीताचे मोफत कार्यक्रमही असतात. मुलीकडे गेले होते तेव्हा आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती.

रानजाई

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पुण्यात. सिंगापूरला अभ्यासासाठी राहून आले आहे. बाबांसाठी जरा सविस्तर लिहिते.

मराठी माणसाला या बागेत अर्धं अनोळखी आणि अर्धं माहेरचं भेटतं. आपलं राज्यफूल ताम्हण तिथे भरपूर लावलंय. फलकावर लागरस्ट्रोमिया स्पेसिओसा शोधायचं. नागचाफा सिंगापूरच्या रस्त्यांवरही दिसतो. त्याला नवी पालवी फुटते तेव्हा कोवळी पानं लालसर गुलाबी असतात आणि मरगळल्यासारखी खाली लोंबतात. आठ-दहा दिवसांत ताठ होऊन गडद हिरवी होतात, खालून पांढुरकी. एकाच झाडावर दोन्ही रंग दिसले तर बाबा अर्धा तास तिथून हलणार नाहीत.

रतनगुंजेखाली जमिनीकडे बघत चाला. लालभडक, चकचकीत, मधे फुगीर अशा बिया पडलेल्या असतात. आपल्याकडे सोनार त्या वजनाला वापरत. कैलासपतीही आहे, फांद्यांवर नव्हे तर थेट खोडावर फुललेला, तोफगोळ्यांसारखी फळं लटकलेली. आपण त्याला शंकराशी जोडलं असलं तरी तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि सिंगापुरातही तितकाच पाहुणा. वर्षावृक्षाचंही तेच. उलट पिवळा गुलमोहर, जो आपण पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला लावतो, तो मात्र त्यांच्याकडचा.

टेम्बुसू अस्सल तिथला. खोडाची साल खोल उभ्या चिरांची, जुन्या दगडी नांगरटीसारखी. बागेतलं झाड दीडशे वर्षांहून जुनं आहे, भोवती कुंपण आहे. फुलतो तेव्हा संध्याकाळी लांबवर वास येतो.

बागेच्या मधोमध सहा हेक्टरांचं मूळचं वर्षावन राखलेलं आहे. बाग व्हायच्या आधीपासून ते तिथेच आहे. लाकडी वाटेवरून आत गेलं की तापमान लगेच उतरतं, वर बघितलं की आकाश फक्त फटींतून दिसतं. सह्याद्रीतली सदाहरित राई पाहिलेल्या माणसाला तिथे काय सारखं आणि काय वेगळं हे ताडण्यात एक अख्खी सकाळ जाते.

आणि हो, पान चुरगळायचं ते खाली पडलेलं. तोडायचं नाही.

ओवी_५

रानजाई, किती सुंदर लिहिलंत! वाचनखूण साठवली.

सुगरण_ठाणे

तोडण्यावरून आठवलं. पांढऱ्या चाफ्याचा नुसता सडा पडलेला असतो हो तिकडे. आमच्या विहीणबाईंनी देवासाठी ओंजळभर उचलला तर जावई घाबरून "आई, ठेवा, ठेवा" करायला लागले. पडलेली फुलंसुद्धा उचलायची नाहीत?

बुकितकर

तोडलं तर दंड नक्की. पडलेलंही गोळा करून नेऊ नये, नियम उद्यानातल्या सगळ्याच गोष्टींना लागू आहे. हातात घेऊन बघावं, वास घ्यावा, पुन्हा ठेवावं. देवासाठी टेक्का मार्केट आणि लिटल इंडियात ताजी फुलं, हार, दूर्वासुद्धा मिळतात. आमचा गणपती दर वर्षी तिथल्याच फुलांवर असतो.

शनवारपेठी

मुळात मला या "फुकट" शब्दाचं कौतुक नाही. फुकट बाग म्हणजे आपल्याकडे काय होतं ते बघा. वेफर्सची पाकिटं, झाडावर कोरलेली नावं, बाकांवर पानाच्या पिंका. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला तिकीट आहे म्हणून ती अजून नांदतेय. संस्था चालवते, माळ्यांचे पगार द्यायचे असतात, जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन भरवायचं असतं. ज्याला झाडांची खरी ओढ आहे तो तिकिटाचे पैसे देतो. सिंगापूरचं उदाहरण आपल्याला लागू पडत नाही.

नाना_दादर

@शनवारपेठी, एम्प्रेस गार्डनचं ठीक, तिथे खाजगी संस्था पदरमोड करून चालवते. पण महापालिकेच्या बागेचं काय?

माझं लहानपण राणीच्या बागेत गेलं. १८६२ साली खुली झालेली ही बाग, मुंबईतली खरी वनस्पती-बाग. लोक पिंजऱ्यांसाठी जातात, पण झाडं बघायला गेलात तर दिवस पुरत नाही. गोरखचिंचेचं अजस्र खोड, उर्वशीचे लाल गुच्छ, पुत्रंजीव, कैलासपती. आमचे वडील गिरणीत होते. पाळी संपवून आले की रविवारी आम्हा भावंडांना घेऊन निघायचे. तिकीट इतकं किरकोळ असायचं की खिशाला कळायचंही नाही.

२०१७ साली ते पाच रुपयांवरून पन्नास झालं. पेंग्विन आले, पिंजरे नवे झाले, खर्च वाढला, सगळं मान्य. पण नुसतं झाडाखाली तासभर बसायला येणाऱ्या माणसानं पेंग्विनचा खर्च का उचलावा? प्राण्यांना तिकीट लावा, झाडांना नको. माझा मुद्दा एवढाच आहे.

आडवाटेचा

नानांना जोरदार अनुमोदन.

मी सिंगापूरला कामानिमित्त होतो. रविवारी बोटॅनिक गार्डन्समध्ये घरकाम करणाऱ्या बायका जमतात, फिलिपिन्सच्या, इंडोनेशियाच्या, म्यानमारच्या. आठवड्यातली एकच सुट्टी. चटई, डबे, एखादीचा वाढदिवस असेल तर केक. कुणी फोनवर गावाकडच्या लेकराशी बोलतेय, कुणी मैत्रिणीचे केस विंचरतेय. त्यांच्या शेजारीच गडगंज कुटुंबांची पोरं कुत्र्याबरोबर खेळतायत. त्या शहरात सावलीत बसायलासुद्धा बहुतेक ठिकाणी काहीतरी विकत घ्यावं लागतं. या बायकांना या दारात कुणी काही मागत नाही. दोन डॉलर जरी तिकीट लावलं तरी यातल्या निम्म्या यायच्या बंद होतील, कारण त्या दोन डॉलरचंही त्यांच्याकडे गणित असतं.

"ज्याला ओढ आहे तो पैसे देतो" हे मला म्हणूनच मान्य नाही. ओढ असणाऱ्या प्रत्येकाकडे पैसे असतातच असं नाही. आणि ज्या पोरानं बाग कधी बघितलीच नाही त्याला ओढ लागणार कुठून?

शनवारपेठी

भावना पोचल्या. पण मग तिथला कचरा कोण उचलतो, पैसा कुठून येतो, हे कुणी सांगेल का?

बुकितकर

सांगतो. बाग नॅशनल पार्क्स बोर्डाकडे आहे, म्हणजे सरकारी पैसा, शिवाय देणग्या. माळी पहाटेपासून कामाला असतात. कचरा टाकला तर दंड. आणि तिकीट फक्त ऑर्किड गार्डनला घेतलं जातं, बाकी बाग मोकळी. हेच नाना म्हणतायत : खर्चिक भागाला तिकीट, झाडांना नाही. त्यामुळे "आपल्याला लागू पडत नाही" हे मला मान्य नाही. लागू पडतं, फक्त महापालिकेनं माळ्यांची पदं भरली पाहिजेत.

२०१५ साली ही बाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्याआधी वनस्पती-बागा म्हणून यादीत होत्या त्या इटलीतल्या पादुआची (१९९७) आणि लंडनची क्यू (२००३). वारसा यादीत जाऊनही दारावर तिकीटखिडकी बसवली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

टेम्सकाठ

क्यूला एके काळी एका पेनीत प्रवेश होता! आता चार जणांचं कुटुंब जायचं तर आधी महिन्याचा हिशेब बघावा लागतो. बाग अप्रतिमच, पण "तासभर जाऊन येऊ" असं क्यूबद्दल म्हणता येत नाही. पैसे दिलेत म्हणून उघडल्यापासून बंद होईपर्यंत पाय ओढत फिरतो.

झाडवेडी

मेलबर्न आणि सिडनी, दोन्हीकडच्या रॉयल बोटॅनिक गार्डन मोफत. सिडनीची तर १८१६ ची, ऑपेरा हाउसच्या शेजारी. ऑफिसातले लोक दुपारचा डबा घेऊन येतात.

एडिंबरोवासी

आमच्या एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनलाही बागेत शिरायला पैसे नाहीत. तिचं आपल्या पुण्याशी एक नातं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारची वनस्पती-बाग होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर १८३८ पासून तिचा प्रमुख होता. हाच गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्यानं एका भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत. बागेत हिंडताना मला नेहमी वाटतं, दापोडीची बाग टिकली असती तर आज पिंपरी-चिंचवडच्या मधोमध केवढी मोठी हिरवी जागा असती.

शनवारपेठी

दापोडीचं माहीत नव्हतं. रोज त्या स्टेशनवरून लोकल जाते आमची. यावर वेगळा धागा काढा की.

रानजाई

एडिंबरोवासी, जरूर काढा. मी हेच सिंगापूरच्या संदर्भात लिहिणार होते. या जुन्या बागा शोभेसाठी नव्हत्या, नगदी पिकांच्या प्रयोगशाळा होत्या. १८७७ साली क्यूहून रबराची २२ रोपं सिंगापूरला आली. १८८८ पासून हेन्री रिडली तिथला प्रमुख. झाड न मारता, सालीला तिरक्या चिरा देऊन पुन्हा पुन्हा चीक काढायची पद्धत त्यानं बसवली. मळेवाल्यांच्या मागे लागून त्यांच्या खिशात रबराच्या बिया कोंबायचा, म्हणून लोक त्याला वेडा रिडली म्हणत. पुढे मोटारी आल्या, टायर आले आणि अख्खा मलाया रबरावर उभा राहिला. रिडली १९५६ साली वारला, शंभर वर्षांचा होऊन.

बागेत रबराची झाडं आहेत. तीन कप्प्यांचं फळ वाळलं की फटकन फुटतं आणि बिया लांब उडतात. करड्या, तपकिरी ठिपक्यांच्या, गुळगुळीत, एरंडाच्या बीच्या मोठ्या बहिणी. एरंडाच्याच कुळातलं झाड ते. बाबांना बी दाखवलीत तर कूळ ते स्वतःच सांगतील.

कोकणी_जायफळ

नाव सार्थ करायला येतोच. फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवरची मसाल्याची बाग चुकवू नका. सिंगापुरातली पहिली वनस्पती-बाग त्याच टेकडीवर १८२२ साली रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्यानं काढली होती, लवंग-जायफळाच्या प्रयोगांसाठी. १८२९ मध्ये बंद पडली. आताची मसाल्याची बाग तिची आठवण म्हणून आहे. तीही मोफत.

आमच्या आगरात जायफळ आहे, त्यामुळे मी तिथे जास्तच रेंगाळलो. पिवळसर फळ पिकलं की शिवणीवर दुभंगतं. आत काळसर तपकिरी बी, तिच्यावर लालभडक जायपत्रीची जाळी घट्ट आवळलेली. ही फट पडलेली अवस्था दोन-तीन दिवसच टिकते, मग फळ गळतं. आणि ऑर्चर्ड रोड, जिथे सगळे खरेदीला जातात, तिथे एके काळी जायफळाचेच मळे होते. १८५० च्या दशकात रोग पडला आणि मळे बसले.

टेकडी असल्यामुळे पायऱ्या आहेत. आईंना दमानं न्या, नाहीतर त्या दिवशी बाबा एकटेच.

चहाबाज

जायफळ घातलेला चहा उत्तम लागतो.

ओवी_५

या माणसाला कुणीतरी चहा द्या रे!

झाडवेडी

मृद्गंध, हीलिंग गार्डन कुणीच सांगितलं नाही. बोटॅनिक गार्डन्सच्याच आत, तेही मोफत, मंगळवारी बंद. चारशेहून जास्त औषधी वनस्पती आहेत आणि त्या शरीराच्या भागांप्रमाणे लावल्यात. डोकं-घसा एकीकडे, पचनाच्या दुसरीकडे. बाबा शाळेत शिकवायचे म्हणताय तर त्यांना ही मांडणी फार आवडेल.

आणि मुलांची जेकब बालस बाग सोमवारी बंद. तिथे मूल बरोबर असल्याशिवाय मोठ्यांना सोडत नाहीत.

नाना_दादर

म्हणजे आजी-आजोबांना नातवाच्या ओळखीवर प्रवेश! हा नियम सगळ्या बागांना लावा.

गडगडाट

तळ्याकाठी भलीमोठी घोरपड दिसेल. पाण्यातली मॉनिटर लिझार्ड, माणसाच्या वाटेला जात नाही. आपणही जाऊ नये.

शनवारपेठी

यशवंती सिंहगडावरून निवृत्त होऊन सिंगापूरला स्थायिक झाली तर!

बुकितकर

हाहा, आता रोज चालताना यशवंतीच म्हणणार.

ऑर्किड गार्डनबद्दल राहिलं. परदेशी प्रौढांना १५ डॉलर, इथल्या रहिवाशांना ५. साठी ओलांडलेल्यांना तिकीट फारच कमी आहे. तुमच्या आई-बाबांच्या बाबतीत गुणाकार सुसह्य येईल. हजाराहून जास्त जाती आणि दोन हजारांवर संकर तिथे आहेत. संकराचं काम १९२८ पासून चालू आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल वांडा मिस जोकिम, तेही एक संकरच, तिथे ताटवे भरभरून बघायला मिळतं. माझं मत : एकदा काढावं तिकीट, पण शेवटच्या आठवड्यात. आधी मोफत बाग मुरू द्या.

गार्डन्स बाय द बेचे काचमहाल महाग आहेत, पण बाहेरची सगळी बाग मोफत. सुपरट्रीचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, दिव्यांचा खेळ रोज संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ ला, तोही मोफत. झाडांच्या माणसाला मात्र तिथे जरा कृत्रिम वाटेल.

आडवाटेचा

हॉर्टपार्कही धरा. सपाट आहे, शांत आहे, गच्चीत-गॅलरीत झाडं कशी लावावीत याचे नमुने बघायला मिळतात. तिथून पुलावरून सदर्न रिजेसच्या वाटेला लागता येतं, त्या वाटेवरचा हेंडरसन वेव्हज हा पूल रस्त्यापासून ३६ मीटर उंचावर आहे. ही वाट बाबांसाठी. आईंनी हॉर्टपार्कातच बसावं.

मृद्गंध

धागा वर काढतेय. आई-बाबा आले, रुळलेही!

पहिल्या सकाळी टँगलिनच्या बाजूनं नेलं. पाच डॉलरची नोट घेऊन बाबा टेम्बुसूसमोर इतका वेळ उभे होते की एका चिनी आजोबांनी थांबून त्यांना फांदी कुठून बघायची ते हातवारे करून दाखवलं. मग दोघं कुंपणाला धरून आपापल्या भाषेत बोलत राहिले.

बाबांनी एक दोनशेपानी वही केलीय. डावीकडे फलकावरचं शास्त्रीय नाव, मधे कूळ, उजवीकडे "आपल्याकडे आहे / नाही / चुलतभाऊ आहे". ताम्हण सापडलं त्या दिवशी घरी सगळ्यांना फोन केले. रानजाई, रबराचं बी हातात दिलं तर न सांगता "एरंडाचं कूळ" म्हणाले, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. वर्षावनात ते आता एकटे जातात, मेट्रोचं कार्ड भरून दिलंय. वाटेत कुणाला विचारावं लागत नाही याचा त्यांना केवढा आनंद आहे! गावी ते सायकल काढून कुठेही जायचे. इथे आल्यापासून प्रत्येक ठिकाणी कुणीतरी न्यायला-आणायला लागत होतं. बागेनं ते बंधन सोडवलं.

आईला स्वान लेकजवळ एक बाक सापडलाय आणि चेन्नईच्या एक आजी. हिंदी दोघींचंही यथातथाच, तरी सुनांपासून सांबारापर्यंत सगळं होतं.

पावसानं दोनदा गाठलं, निवाऱ्यात बसून डबा खाल्ला.

ऑर्किड गार्डनला परवा गेलो. बाबांनी तिकिटाबद्दल चकार शब्द काढला नाही. थंड हवेतल्या डोंगरी ऑर्किडचं काचघर आहे तिथून त्यांना बाहेर काढणं मुश्किल झालं. करंगळीच्या नखाएवढं फूल भिंगातून बघत होते.

@शनवारपेठी, तुमचा माळ्यांचा मुद्दा बाबांनी उचलून धरलाय. एका माळ्याशी खुणांनी बोलून त्यांनी खत काय घालतात ते विचारलं. म्हणाले, "बाग तिकिटानं नाही, या माणसांनी टिकते. त्यांचा पगार कुणीही द्यावा, पण द्यावा."

नाना_दादर

बाबांना आमचा नमस्कार सांगा. मुंबईत उतरणार असतील तर राणीच्या बागेत मी घेऊन जातो, तिकीट माझं.

शनवारपेठी

बाबांशी सहमत. एम्प्रेस गार्डनलाही आणा त्यांना, तिथल्या महावेली बघून वहीची दोन पानं भरतील.

कोकणी_जायफळ

आणि जायफळ? दुभंगलेलं दिसलं का?

मृद्गंध

@कोकणी_जायफळ, फळं होती, फुटलेलं एकही नव्हतं. बाबा पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहेत.

आता एक शेवटचा प्रश्न. बाबांना बोन्साय बघायचेत. जुराँगची चिनी आणि जपानी बाग नूतनीकरणानंतर उघडलीय म्हणे. ती मोफत आहे का, आणि आईला झेपेल का?

बुकितकर

मोफत आहे. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा उघडली, जुराँग लेक गार्डन्सचाच भाग. ईस्ट-वेस्ट लाइनवर चायनीज गार्डन स्टेशनला उतरा, बाग समोरच दिसते. लेकसाइड स्टेशनला उतरू नका, ते पलीकडच्या लेकसाइड गार्डनसाठी. वाटा बहुतेक सपाट आहेत, पण सगळं मिळून ९० हेक्टर आहे. तेव्हा आईंना चिनी बागेच्या बाजूलाच बसवा आणि जपानी बागेत बाबांना सोडा. सकाळी लवकर जा, तिथे मोठ्या झाडांची सावली बोटॅनिक गार्डन्सइतकी दाट नाही. छत्री दोन्ही कामांना लागेल.